कोयनेचं दोन फूट पाणी

लढाईवरून परतलेल्या मानसिंगाला १९४६ साली कोयनेचं पाणी मोजायची नोकरी लागली. गावाखालच्या खडकात सरकारनं फुटांच्या खुणा रंगवलेला खांब रोवला होता. रोज सकाळी खांबावरचा आकडा चिठ्ठीत लिहायचा आणि टपालवाल्याबरोबर चार मैलांवरच्या धरणाच्या पाहणीच्या कॅम्पावर धाडायचा, एवढंच काम. इटलीत त्यानं भर गोळीबारात टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या. त्या मानानं खांब शांत होता.

कॅम्पावर गुप्ते नावाचे ओव्हरसियर होते. नदी अडवली की वीज होईल, असं ते सांगत. मग सांगली-मिरजेपर्यंत तारा जातील, शेतात पंप चालतील, कारखाने उभे राहतील. गावच्या हंबीरराव पाटलांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि मानसिंगाला गाठलं.

"सांगलीला उजेड पडंल, चांगलंच हाय," ते म्हणाले. "पर आपलं गाव कुटं जाईल रं?"

"पाण्याखाली."

"मग पाणी कमी लिही. एवढ्याशा पाण्यावर कोन धरण बांधतंय?"

मानसिंगाला हे पटलं नाही, पण नाही म्हणायलाही जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चाराचे अडीच केले, तिनाचे दोन. बायको अंजना म्हणाली, "जेवत का न्हाई?" तो म्हणाला, "भूक न्हाई."

मग हस्ताचा पाऊस वरच्या डोंगरात कोसळला. सकाळी खांबावर सहा फूट पाणी होतं. त्यानं दोन लिहिलं.

दुपारी तो नदीवर गेला, तर पलीकडच्या उतारावर गुप्ते घोड्यावर बसून पाण्यात शिरत होते.

"साहेब, माघारी फिरा!" मानसिंग ओरडला. "पाणी लय हाय!"

गुप्त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून उंच धरली. "दोन फूट!"

"ते खोटं हाय!"

"कुणी लिहिलं?"

"मीच!"

एवढ्यात घोड्याचे पाय सुटले. घोडा पोहत काठाला लागला. गुप्त्यांना पोहता येत नव्हतं. मानसिंगानं उडी घेतली. वाहत्या धारेत त्यानं त्यांची कॉलर धरली आणि बऱ्याच खाली, करंजाच्या मुळांशी दोघं अडकले. काठावर आल्यावर गुप्ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "खरे आकडे आहेत?"

"पाठ हायत."

"सांग."

मानसिंगानं बावीस दिवसांचे आकडे ओळीनं सांगितले. गुप्त्यांनी दुसऱ्या दिवशी खांबापाशी येऊन ते पुन्हा विचारून कोरड्या कागदावर उतरवले, वर तक्रार केली नाही, मानसिंगाला कामावरही ठेवलं. "पण मला सांगायचं होतंस," एवढंच बोलले. खरे आकडे दिले म्हणून हंबीररावांनी मात्र मानसिंगाशी बोलणं सोडलं.

त्या दिवशी गुप्ते निघाले तेव्हा मानसिंगानं विचारलं, "साहेब, पाणी कुटवर येईल?"

गुप्त्यांनी समोरच्या डोंगरावर बोट दाखवलं. ते गावच्या देवळाच्या कळसाच्या बरंच वर होतं.

घरी येऊन त्यानं अंजनाला तेवढ्या उंचीवर बोट दाखवलं.

"कवा?" तिनं विचारलं.

"दहा वर्सं तरी लागतील म्हनं."

"मग यंदा छप्पर शाकारायला पायजे," ती म्हणाली. मानसिंगानं गवताचा भारा सोडला आणि शिडी लावली.