बारदान वजा

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत राजशेखरचं भुसार मालाचं दुकान आहे. तूर, हरभरा, ज्वारी, गूळ. काट्याच्या बाबतीत माणूस इतका कडक की त्याच्या दुकानात उंदीर मेला तरी आधी तोलतील आणि मग बाहेर टाकतील, अशी बाजारात त्याची चेष्टा चाले. पोतं काट्यावर चढलं की दुपारी गल्ल्यावर बसलेली त्याची बायको स्वप्नाली आतूनच म्हणायची, "अहो, बारदान वजा करा." बारदान म्हणजे रिकामं पोतं. त्याचं वजन मालात धरायचं नसतं, हे राजशेखरला सांगायची काहीएक गरज नव्हती. म्हणूनच ती सांगायची.

हीच स्वप्नाली दिवाळीनंतर अर्ध्या ताटावरून उठू लागली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मग दुखायचं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लई बारीक झालीस गं, छान दिसायलीस. काय करतीस?" ती हसायची आणि घरी येऊन ब्लाउजला आतून आणखी एक शिलाई मारायची.

दवाखाने काही कमी केले नाहीत. लातूरसारखं गाव, दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या डॉक्टरच्या पाटीलाच लागायचा. एकानं पित्त सांगितलं, दुसऱ्यानं रक्त कमी आहे म्हटलं, तिसऱ्यानं विचारलं की घरात काही टेन्शन आहे का. रीत मात्र सगळीकडे एकच. बाहेर टेबलामागे बसलेली मुलगी नाव विचारायची, वय विचारायची आणि मान वर न करता म्हणायची, "वजन?"

"अठ्ठावन्न," स्वप्नाली सांगायची.

मुलगी अठ्ठावन्न लिहायची. झालं वजन.

काटे नव्हते असं नाही. एका दवाखान्यात काटा टेबलाखाली होता आणि त्याच्यावर पाण्याचा जार ठेवलेला होता. दुसऱ्या ठिकाणी तो चपलांच्या रॅकपाशी पडला होता, आतले सेल कधीचे संपलेले. हा अठ्ठावन्नचा आकडा होता तिच्या लेकीच्या, शिवांगीच्या वेळचा. पोटुशी बाई असली की सरकारी नर्स दर महिन्याला तिला काट्यावर चढवते, त्यात हयगय नाही. मग बाळाचं वजन, अंगणवाडीत पोराचं, शाळेतही पोराचं. आईला काट्यावर उभं करायचं कारण तेवढ्यात संपलेलं असतं. त्यानंतर मोठ्या माणसाचा भार कुणाला कळतो, तर एकदम त्याला खांदा देणाऱ्यांना. शिवांगी आता पाचवीत गेली होती, आणि तिच्या आईचं वजन कागदोपत्री जराही हललं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घरचं दुकान, घरचा काटा, मग त्याच्यावर का नाही उभं केलं? राजशेखरच्या मनात ते आलं होतं. पण त्याची आई सिद्धम्मा त्या दिवशी दुकानात होती. ती दोन्ही हात पसरून काट्यापुढं उभी राहिली. "लक्षुमी हाय ती. दिवाळीला तिला हळदकुंकू वाहताव आपण. तिला पाय लावतेत व्हय?" स्वप्नालीही मागे सरली. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात काट्याला पाय लावत नाहीत, हे तिलाही माहेरापासून माहीत होतं.

सिद्धम्मा वाईट बाई नव्हती. सुनेचा ताप बघून तिचा जीव खालीवर होत होता. तिनं चाकूरजवळच्या आपल्या गावी वीरभद्राला नवस बोलून ठेवला होता. सुनेचा ताप उतरू दे, तिच्या भाराइतका, अठ्ठावन्न किलो गूळ वाहीन. गोळ्यांनी ताप थोडा उतरल्यासारखा झाला, तशी तिनं सोमवार धरून घाईच केली. देवाचं देणं ठेवू नये, म्हणाली.

राजशेखरनं गूळ मोजून घेतला. दहा किलोच्या पाच ढेपा आणि किलोकिलोच्या आठ भेल्या, अठ्ठावन्न. बरोबर दुकानातला जुना दांडीचा तराजू घेतला, कारण देवळात पारड्यात बसायचं असतं, पाय लावायचा प्रश्नच येत नाही. दांडी देवळाच्या मंडपात तुळईला बांधली. दोन्ही पारड्यांत सारख्या वजनाचे पाट ठेवले, एकात स्वप्नालीला बसवलं आणि दुसऱ्यात गूळ रचला.

गुळाचं पारडं धाडकन खाली जाऊन फरशीला टेकलं. स्वप्नाली वर लोंबत राहिली.

लोक हसले. राजशेखरही हसला. दांडी अडकली असेल म्हणून त्यानं ती सोडवून पुन्हा धरली. पारडं खालीच. त्यानं एक ढेप उचलून बाजूला ठेवली. काही फरक पडला नाही. कुणीतरी म्हणालं, "देवानं भार उचलला बघा सूनबाईचा." सिद्धम्मानं हात जोडले. राजशेखरनं दुसरी ढेप काढली. आता कुठं स्वप्नाली हळूच खाली आली, थोडी जास्तच खाली आली, म्हणून त्यानं प्रसादासाठी वेगळ्या आणलेल्या दोन भेल्यांतली एक पारड्यात ठेवली आणि दांडी सरळ झाली.

एकोणचाळीस.

उभ्या आयुष्यात त्याला इतकी भीती वाटली नव्हती. हातातली दुसरी भेली घामानं चिकट झाली होती. काटा खोटा आहे असं कुणीतरी सांगावं म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं, पण काटा त्याचा स्वतःचा होता, आणि तो खोटा असता तर त्याला बरं वाटलं असतं. सिद्धम्मा म्हणाली, "काढलेल्या ढेपा परत ठेव. अठ्ठावन्न बोललेय मी, देवाला कमी द्यायचं न्हाई." सगळा गूळ देवाला गेला. जीपमधून परत येताना स्वप्नाली त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि त्याला खांद्यावर काही ठेवल्यासारखंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन मोठ्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी फाईल शांतपणे चाळली.

"सगळीकडे अठ्ठावन्न आहे. मग वजन कमी कुठं झालंय?"

"साहेब, मी सोता तोललंय. एकोणचाळीस भरलं."

"कशावर तोललंत?"

"गुळावर."

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. माणूस चांगला होता, लगेच सॉरी म्हणाला. मग त्यानं स्वप्नालीला विचारलं, "हे अठ्ठावन्न कधीचं हो ताई?"

"शिवांगीच्या टायमाचं. नववा चालू होता."

"मग त्यात बाळ धरलंय की. पोटातलं पाणी, सगळंच. एरवी तुम्ही पन्नासच्या आतच असणार. मुळातच बारीक असाल."

राजशेखरच्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती जो आकडा सांगत आली, लिहिणाऱ्या लिहीत आल्या, त्यात लेकरू धरलेलं होतं. बारदानासकट वजन. कुणीही ते वजा केलं नव्हतं, आणि लातूरच्या बाजारात बारदान वजा करण्यावरून भांडणारा माणूस प्रत्येक वेळी तिच्या शेजारी उभा राहून तो आकडा ऐकत होता.

"मग साहेब, हिचं खरं वजन किती होतं? आजारी पडायच्या आधी?"

"ते तुम्हीच सांगायला पाहिजे ना," डॉक्टर म्हणाले. "किती कमी झालं ते कळलं असतं, तर मला लगेच दिशा मिळाली असती."

कोण सांगणार? तिचं वजन कुणी केलंच नव्हतं. इथला काटा दुरुस्तीला गेला होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, सोनोग्राफीची तारीख दिली आणि ताकदीची पावडर लिहून दिली. राजशेखरला त्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सोनोग्राफीची तारीख यायच्या आधीच स्वप्नालीचं पोट दगडासारखं फुगलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं तसंच टाकून, तो तिला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन आला. तिथल्या तरुण डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि पटापट बोलू लागला. आतडं बंद झालंय. टीबी आतड्यात असावा, बऱ्याच दिवसांचा. ऑपरेशन लागेल, भूल द्यावी लागेल, आणि औषधं वजनावर द्यायची आहेत.

नर्सनं पेन उघडलं. "वजन किती?"

स्वप्नालीचे ओठ हलले. सवयीनं ती तेच सांगणार होती.

"सांगू नकू," राजशेखर म्हणाला. मग नर्सकडे वळला. "लिहू नका ताई. करा."

"पेशंट उभं राहू शकत नाही हो दादा. अंदाजे सांगा."

"अंदाजेच चालू हाय इतके दिवस."

कोपऱ्यात उभं राहायचा काटा होता. राजशेखरनं स्वप्नालीच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्याखाली दुसरा, आणि तिला उचलली. उचलायला जितका जोर लावला त्यातला निम्मा वायाच गेला. तो चपला काढून काट्याकडे निघाला.

"अहो, काय करायलाव?" नर्सनं विचारलं.

"तोलायलो."

तो तिला घेऊन काट्यावर चढला. लक्ष्मीला पाय लागला, लागू दे. आकडा थरथरला आणि थांबला, अठ्ठ्याण्णव. नर्सनं लिहून घेतलं. "आता त्यांना खाली ठेवा आणि तुम्ही एकटे उभे राहा."

त्याला तिला खाली ठेवावंसं वाटेना. आपण हिला खाली ठेवलं तर पुन्हा उचलायला ही असेल की नाही, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्याचे पाय काट्यावरून हलेनात. नर्स पुन्हा म्हणाली, "दादा, ठेवा."

स्वप्नालीनं डोळे किलकिले केले. तिला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या शर्टाला तोंड लावून ती म्हणाली, "अहो, बारदान वजा करा."

त्यानं तिला खाटेवर ठेवलं. एकटा काट्यावर उभा राहिला. चौसष्ट. नर्सनं वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि कागद डॉक्टरपुढे धरला. चौतीस. डॉक्टरनं कागदाकडे पाहिलं, मग स्वप्नालीकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, "फार उशिरा आणलंत हो." राजशेखरनं मान हलवली. सगळ्या दवाखान्यांची नावं त्याच्या जिभेवर आली होती, पण ती आता सांगून काय उपयोग होता?

खूप सह्या घेतल्या. वाचण्याची खात्री नाही, असं एका कागदावर छापलेलंच होतं. स्ट्रेचर आलं. स्वप्नालीनं त्याचं बोट धरून ठेवलं होतं, तिची पकड शिवांगी तान्ही होती तेव्हाच्या पकडीएवढी होती.

"मी किती भरले?" तिनं विचारलं.

राजशेखरनं आजवर गिऱ्हाइकाला एका छटाकाचंही खोटं वजन सांगितलं नव्हतं.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग थोडं हसली.

"काटा खोटा हाय तुमचा," ती म्हणाली, आणि वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत ढकललं.