चाकं आत असताना

मी बोलतोय, शेडमधला जुना ट्रॅक्टर. आवाज मोठा आहे म्हणून मला शूर समजू नका. माझ्याइतका भित्रा ट्रॅक्टर पंचक्रोशीत दुसरा नसेल.

पन्नाशी मी कधीच ओलांडली. रंग उडालाय, सीटची स्प्रिंग कुरकुरते, सकाळी सुरू व्हायला नखरे करतो. पण एकदा सुरू झालो की ठों ठों करत दिवसभर चालतो. त्यावरूनच मालकांच्या लेकीनं लहानपणी माझं नाव ठोंब्या ठेवलं. मालक मला नावानं हाक मारत नाहीत. ते फक्त चढण्याआधी वाकतात आणि माझी मागची चाकं बघतात.

ही चाकं जवळ घेता येतात, लांबही करता येतात. भाजीच्या सरींमधून जायचं तर चाकं आत, म्हणजे रोपं चिरडत नाहीत. घरामागच्या टेकाडावर गवत कापायचं तर चाकं बाहेर, म्हणजे पाय फाकवून उभं राहिल्यासारखा मी घट्ट राहतो. त्यासाठी मला जॅकवर उचलायचं, चाकं काढायची, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावायचं. जागच्या जागी उलटं करून भागत नाही, टायरची नक्षी उलटी फिरते. एकेक चाक माणसाला एकट्यानं हलवता येत नाही. दोघांचा अर्धा दिवस जातो आणि तो अर्धा दिवस भल्याभल्यांच्या जिवावर येतो.

तीस वर्षांपूर्वी तो मालकांच्याही जिवावर आला. "एका चकरेनं काय होतंय!" म्हणाले आणि चाकं आत असतानाच मला टेकाडावर घेऊन गेले. मी कलंडायला लागलो. वरच्या बाजूचं चाक जमीन सोडू लागलं. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, मला चढाकडे वळवलं. मी कोसळलो. त्यांचा डावा पाय माझ्याखाली होता. त्यांची ती किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे. तेव्हापासून मला माझ्याच वजनाची भीती वाटते.

लेक तेव्हा पाळण्यात होती. मोठी झाल्यावर तिनं लंगड्या पायाबद्दल विचारलं, तर मालकांनी ठोकून दिलं, "विहिरीत पडलो होतो." आपली चूक पोरीला काय सांगायची! मात्र त्यांनी एक रीत घालून घेतली. चाकं आत असली की माझ्या स्टिअरिंगला एक पिवळं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की टेकाड बंद. मालकांना माहीत, चाकं बदलायला येणाऱ्या मिस्त्रीला माहीत, मला माहीत. लेकीला कुणी सांगितलंच नाही. ती शहरात नोकरीला, सुट्टीत आली की मला सपाट रानात फिरवायची, तेवढंच.

परवा ती आली तेव्हा चाकं आत होती. मिस्त्री दोन दिवसांनी येणार होता. सकाळी तिनं मला न्हाऊमाखू घातलं. बॉनेट पुसलं, दिवे पुसले. मग तिचा हात स्टिअरिंगवर आला.

"शी! काय हे कळकट!" म्हणत तिनं फडकं सोडलं, साबणानं खसखसा धुतलं आणि मागच्या पडवीसमोरच्या दोरीवर वाळत घातलं.

दुपारी मालक जेवून लवंडले, तशी ती गवत कापायचं यंत्र माझ्यामागे जोडू लागली. "बाबा उठेपर्यंत टेकाड चकाचक करू या, ठोंब्या." मी सुरूच व्हायचं नाही असं ठरवलं. पण न्हाऊ घालणारे हात होते ते. इंजिननं दगा दिला आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो.

टेकाडावर आडवे निघालो. उताराकडे जरा कललो तरी मी थरथरत होतो. ती मात्र गाणं गुणगुणत होती. तिसऱ्या फेरीला खालचं चाक कुठल्याशा बिळात गेलं आणि वरचं चाक जमिनीवरून सुटलं. गाणं थांबलं. तिचे हात चढाकडे वळायला लागले. तेच हात, बापासारखेच. मी मनात ओरडलो, नको गं!

तेवढ्यात खाली पडवीत मालक दिसले. डोळे चोळत बाहेर आले होते आणि दोरीवरच्या फडक्याकडे बघत होते. मान वर करून टेकाडाकडे बघितलं. मग काठी उचलून, तो पाय ओढत, धावत सुटले.

"खाली! खाली वळव!" माझ्या आवाजात त्यांचा आवाज कसला ऐकू येतोय! पण ते काठीनं पुन्हा पुन्हा खालचीच दिशा दाखवत होते. तिनं बापाकडे बघितलं आणि का, कशाला असं काही न विचारता मला उताराकडे वळवलं. वरचं चाक धप्पकन जमिनीवर आलं. आम्ही धडधडत खाली आलो आणि कुंपणाशी थांबलो.

मालक मातीतच बसले.

"चाकं आत आहेत," ते कसेबसे म्हणाले. "उतारावर बाहेर लागतात."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"फडकं बांधलं होतं की."

"फडक्याला तोंड असतं का?" तिला रडू फुटलं.

मालकांनी धोतराचा सोगा बाजूला करून पायावरचा वण तिला दाखवला. "मी विहिरीत नव्हतो पडलो गं." आणि सगळं सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी ज्या नजरेला भीत आलो, तीच ही, असं मला वाटलं. "म्हणजे ह्यानं पाडलं तुम्हाला?"

"ह्यानं काय पाडायचं? ह्याची चाकं मी बाहेर काढली नव्हती. कंटाळा केला मी."

हे वाक्य ऐकायला मला तीस वर्षं लागली.

काल मिस्त्री आला. चाकं बाहेर काढताना लेकीनं एकेक नट स्वतः आवळला. फडकं आता शेडमधल्या खिळ्याला टांगलंय आणि त्याखाली भिंतीवर तिनं खडूनं मोठ्या अक्षरात ते बांधायचं कारण लिहून ठेवलंय.

माझी भीती गेलेली नाही. वजन तेवढंच आहे, टेकाडही तिथंच आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याच्यावर चढण्याआधी खाली वाका, चाकं बघा आणि जे ठाऊक आहे ते घरातल्यांना तोंडानं सांगा. आम्हाला बोलता येत नाही.

आज सकाळी ती शेडमध्ये आली. सीटवर हात ठेवला, थांबली, आणि बापासारखी खाली वाकली.