फुलीचे लंगोट

एका घरात एकाच महिन्यात दोन पाळणे हलायला लागले की त्या घरात सुख मावत नाही, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. लोकांना धुवावं लागत नाही. एकोणऐंशीच्या ज्येष्ठात आनंदाबाईच्या थोरल्या सुनेला, जयवंताला, मुलगी झाली. बारा दिवसांनी धाकटीला, सुलोचनाला, मुलगा. सुलोचनाला माहेरी आई नव्हती, म्हणून तिचंही बाळंतपण सासरीच झालं. समुद्रपूरपासून दोन कोसांवरचं गाव, कपाशीची शेती, आणि श्रावणात लागलेली झड. आठ-आठ दिवस सूर्य दिसेना. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट, लंगोटांतून टिपकणारं पाणी. माणसानं चालायचं तर मान वाकवून चालायचं.

जयवंताची ही तिसरी मुलगी. आनंदाबाईनं तोंड वाकडं केलं नाही, पण सरळही ठेवलं नाही. नातू झाला तेव्हा मात्र बुढी पेटी उघडून बसली. तिचे मालक अण्णाजी जाऊन चार वर्षं झाली होती, त्यांचं एक धोतर तिनं जपून ठेवलं होतं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालेलं. ते तिनं स्वतःच्या हातानं फाडलं आणि सोळा तिकोनी लंगोट केले. सोळाच्या सोळा नातवाचे. नातीसाठी जुन्या चादरीचे जाडेभरडे तुकडे होतेच की. पोरीच्या जातीला काय टोचतं?

बारशाला सुलोचनाचा भाऊ प्रभाकरराव वर्ध्याहून आला. कचेरीत बाबू होता, त्याला शहरातलं सगळं ठाऊक. त्यानं भाच्यासाठी दोन गुलाबी प्लास्टिकच्या चड्ड्या आणल्या. लंगोटावरून चढवायच्या, म्हणजे अंथरूण ओलं होत नाही. आनंदाबाईनं एक चड्डी चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"लेकराले खताच्या पोत्यात भरता का बापा?" ती म्हणाली. "अंदरच्या अंदर उकडून जाईन न."

"आता शहरात सारेच वापरून राह्यले," प्रभाकरराव म्हणाला.

"शहरात वाळवाले जागा नसंल. आपल्याले धोतर हाये."

सुलोचना ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि झोपवताना पोराला चड्डी चढवायची. सासू आली की काढायची. असं त्यांचं चाललं होतं.

सव्वा महिना झाला तशी जयवंता कामाला लागली. मोठे कपडे कवडू वरठी, म्हणजे गावचा धोबी, न्यायचा; बाकी घरातलं सगळं धुणं तिच्याकडे, दोन्ही लेकरांचे लंगोटही तिच्याकडेच. एक दिवस आनंदाबाई पोरीच्या पाळण्याजवळून गेली आणि थांबली. पोरीच्या कमरेला अण्णाजींच्या धोतराचा लंगोट.

"हिचे वाळलेच नाई, आत्याबाई," जयवंता म्हणाली. "पोरगी कवाची ओलीच होती."

आनंदाबाई तशीच पुढं गेली. दुपारी मात्र तिनं फडताळातून एक बिबा काढला, निखाऱ्यावर ऊन केला, सुईनं टोचला. काळं तेल सुईच्या टोकावर आलं. वरठी कपड्यांवर खूण घालतो तशी तिनं धोतराच्या प्रत्येक लंगोटावर एक बारीक फुली घातली. कमरेला गाठ मारतात त्याच टोकावर, म्हणजे दोरीवरही दिसावी आणि पोराच्या अंगावरही. आता कोणी म्हणायला नको की ओळखू आला नाही. संध्याकाळी जयवंतानं फुल्या पाहिल्या आणि मुकाट्यानं घड्या घातल्या. त्या दिवसापासून फुलीचा एकही लंगोट तिच्या पोरीला लागला नाही.

चौथ्या दिवशी नातवाच्या कमरेवर लाल चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचे फोड. पोर असं किंचाळायचं की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहायची. आनंदाबाईनं पहिला दोष कुणाला दिला असेल? प्लास्टिकला. "सांगतलं होतं म्या. घ्या आता." सुलोचनानं रडत दोन्ही चड्ड्या उकिरड्यावर फेकल्या. फोड गेले नाहीत, उलट मांडीपर्यंत उतरले. समुद्रपूरच्या डॉक्टरनं मलम दिलं. मलम लावलं की दिवसभर बरं वाटायचं आणि सकाळी नवे फोड. बुढीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पोर झोपलं की ती उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची, श्वास लागला की परत बसायची, आणि बसल्या बसल्या पुन्हा उठायची.

मग एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना सुलोचनाचा बांध फुटला.

"माह्या लेकराचे लंगोट कोन धुते?" ती म्हणाली. "एकाच हातानं दोन लेकरांचे धुवाचे, अन् एकाचीच कातडी जाते. तिच्या पोरीले त एक पुळी नाई."

सुलोचनाचा नवरा चंद्रभान ताटाकडे पाहत राहिला.

"तीन पोरी झाल्या, म्हनून माह्या पोराचं पाह्यवत नाई इले. सोडा टाकते का मिरची टाकते, देव जाने."

जयवंताचा नवरा रूपराव भरल्या ताटावरून उठला. जयवंता वाढत होती, तिच्या हातातली पळी हलली नाही. "म्या काई केलं नाई," एवढंच ती म्हणाली. सुलोचनानं त्याच दिवशी भावाला निरोप धाडला, परवा येऊन मले घेऊन जा. नवऱ्याला तिनं सांगून टाकलं, वेगळी चूल मांडाल तेव्हाच परत येईन, त्या बाईचा हात माझ्या लेकराला लागता कामा नये. त्या वेळेपासून जयवंताशी घरात कुणी धड बोललं नाही. आनंदाबाईसुद्धा नाही. तिलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोला, की असेल बाई, पोटात काय असतं कुणाच्या कुणाला दिसतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू वरठी मोठ्या कपड्यांचं गाठोडं न्यायला आला. पोर बाजेवर उघडंच पडलेलं. कवडूनं वाकून पाहिलं, मग दोरीवरच्या लंगोटाचं टोक हातात घेतलं.

"बाई, ही फुली माही नोहे."

"म्या घातली," आनंदाबाई म्हणाली. "बिब्याची."

"लेकराच्या कापडाले?" कवडूनं टोक सोडून दिलं. "लेकराच्या कापडाले आमी बिबा लावतच नाई बाई. लाल दोरा घालतो. बिबा ओला झाला का कवळ्या कातडीवर उततो. मोठ्या मानसाची गोष्ट अलग, त्याचं कापड भट्टीतून निघते, अन् फुली किनारीले राह्यते. हे पाहा न, गाठ जिथं येते तिथंच फोड हायेत."

"हळू बोल, कवडू," आनंदाबाई म्हणाली.

हे तिच्या तोंडून निघून गेलं. कवडू गाठोडं डोक्यावर घेऊन गेला आणि बुढी तिथंच उभी. मग तिनं भराभरा सगळे फुलीचे लंगोट दोरीवरून ओढले, पोराच्या कमरेचा सोडला, बोचकं करून बाजेखाली लोटलं. आपल्या जुन्या लुगड्याचा पदर टरकावून पोराला बांधला. इथवर ठीक. पुढं काय?

पुढं दिवसभर तिच्या जिवाची जी तगमग झाली ती तिची तिला ठाऊक. ओसरीवरून सैपाकघरात, सैपाकघरातून परसात. परसात जयवंता पावसात पोतं पांघरून भांडी घासत होती. आनंदाबाई दारात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि म्हणाली, "राख संपली का वं?" सांगायचं तर नुसतं बिब्याचं सांगून भागणार नव्हतं. फुली का घातली, हेही सांगावं लागणार. सख्ख्या नातीच्या अंगाला मऊ कापड लागू नये म्हणून घातली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? न सांगावं तर? फोड आता आपोआप जातील. सुलोचना चार महिने भावाकडे राहील, राग उतरेल. घर मोडेल, पण घरं मोडतातच की. असं म्हणून ती बसायची आणि परसातून भांड्याचा आवाज आला की पुन्हा उठायची. जयवंता दुपारी एकटीच चुलीमागं जेवली. बुढीनं तेही पाहिलं.

दिवेलागणीला दोन्ही लेक घरी आले तेव्हा ती ओसरीच्या मधोमध उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली. बिबा, फुली, पोरीच्या कमरेचा तो लंगोट, कवडूचं बोलणं, सगळं. बोलताना तिनं जयवंताकडे पाहिलं नाही.

सुलोचना पोराला थोपटत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"आत्याबाई, तुमी इले वाचवून राह्यल्या," ती म्हणाली. "घर फुटू नये म्हनून आपल्यावर घेऊन राह्यल्या. मले का समजत नाई?"

"अवं, खरं सांगून राह्यली मी."

"सारा जलम बिबे फोडले तुमी. तुमाले कुठं फोड आले?"

आता काय करावं? जन्मात पहिल्यांदा बुढी आपल्या तोंडानं आपलं पाप सांगत होती आणि कुणी घेईना. ती बाजेखालून एक लंगोट काढून आली, पाण्यात भिजवला आणि फुली आत करून आपल्या मनगटावर घट्ट बांधला. "पाह्यजो उद्या," म्हणाली. सकाळ होईतो तिनं तो दहादा उचलून पाहिला. ये रे बापा, ये, म्हणून फोडाची विनवणी करणारी ती जगातली पहिलीच बाई असावी. सकाळी काही नाही. नऊ वाजता काही नाही. साठ वर्षं चुलीत, कपाशीच्या पऱ्हाटीत आणि शेणात राबलेली कातडी ती, तिला बिब्यानं काय होतंय?

दुपारच्या एसटीनं प्रभाकरराव आला. छत्री दारात टेकवून उभाच राहिला, चहा नको म्हणाला. सुलोचना नवं पातळ नेसून, पिशवी भरून, पोराला खांद्यावर घेऊन ओसरीवर आली. चंद्रभान खांबाला टेकून नखं कुरतडत होता. आनंदाबाई सुनेच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि आपलं मनगट पुढं केलं, जसं काही तिथं दाखवण्यासारखं होतं.

"राहू द्या, आत्याबाई," सुलोचना म्हणाली. "दिसलं मले."

तेव्हा जयवंता आतून आली. एका हातावर पोरगी, दुसऱ्या हातात फुलीचा ओला लंगोट. तिनं पोरीला सगळ्यांच्या समोर बाजेवर ठेवलं, तिच्या कमरेचं जाडं फडकं सोडून टाकलं आणि फुलीचा लंगोट तिच्याखाली सरकवला.

"दोन दिवस थांबा, भाऊ," ती प्रभाकररावाला म्हणाली. आवाज असा, जसं काही भाजी चिरायला बसली आहे. "इच्या अंगावर फोड उठले त आत्याबाई खरं बोलल्या. नाई उठले त मीच चेटकीन. मंग खुशाल न्या."

"अवं, काय करतं!" आनंदाबाई म्हणाली, मनगट तसंच पुढं धरून. रूपराव अर्धा उठला. जयवंतानं मधलं टोक वर घेतलं, उजवीकडचं टोक ओढलं, डावीकडचं ओढलं. फुली बरोबर पोरीच्या कमरेवर आली. पोरगी हातपाय हलवत आढ्याकडे पाहून हसत होती. जयवंतानं पहिली गाठ मारली.

दुसरी मारायच्या आत सुलोचनानं पोराला भावाच्या हातात कोंबलं आणि झडप घातली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी ओढून सोडवली. लंगोट तिनं अंगणातल्या चिखलात फेकला आणि पोरीला पदरानं पुसत सुटली, कमरेवर, मांडीवर, पुन्हा कमरेवर.

"नको, जाऊबाई," ती म्हणत होती. "नको. लेकरू कसं किंचाळते ते म्या पाह्यलं. इले नको."

मग ती पोरीला घेऊन बाजेवरच बसली. पोरीनं तिच्या नव्या पातळावर मुतलं, तरी ती हलली नाही. प्रभाकरराव रडणारं पोर हातात घेऊन कधी बहिणीकडे, कधी मेहुण्याकडे पाहत होता.

"तुमी जा, भाऊ," सुलोचना म्हणाली. "मी नाई येत."

आनंदाबाईचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांना पदर लावून ती जयवंताजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "झालं, माय," ती म्हणाली. "सारं समोर आलं. झालं आता."

जयवंतानं तो हात झटकला नाही. पोरीचं जाडं फडकं उचलून ती त्याची घडी घालू लागली.

"कवडू बोलला तवा मी दाराच्या मागंच होती, आत्याबाई," ती हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "काल सकाळी. दिवसभर वाट पाह्यली म्या, तुमी कवा बोलता ते."

"सांगतलं न वं म्या," आनंदाबाई म्हणाली. "संध्याकाळी सांगतलं न."

"हो," जयवंता म्हणाली. "संध्याकाळी."

आणि सुलोचनाच्या मांडीवरून पोरीला उचलून ती पाजायला आत गेली.