गप्प बसण्याची खूण

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत कुठे कुठे दिवे लागतात, हे शोधण्यात मी अकरा वर्षं घालवली. घरी माझं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

टेलरमावशी आमच्या रुग्णालयात आल्या त्या फिट्समुळे. आठवड्यातून दोन-तीनदा, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या फिट यायची. एकदा तर सुई बोटातून आरपार गेली. गोळ्यांनी हात टेकले होते. फिट जिथून उठते ती जागा डाव्या कानशिलाच्या आत सापडली, कापून काढता येण्यासारखीही होती. पण बोलण्याची केंद्रं बहुतेकांची तिथेच शेजारी असतात. सर्जन मला म्हणाले, "यांची भाषा नेमकी कुठे आहे ते दाखवा. नकाशा नाही, तर ऑपरेशन नाही."

तपासणी तशी सोपी. एमआरआयच्या बोगद्यात आडवं पडायचं. तीस सेकंद पडद्यावर वस्तूंची नावं येतात. 'कात्री' दिसलं की मनात म्हणायचं 'कापणे'. मग तीस सेकंद नुसती अधिकची खूण. ती असेपर्यंत मनातसुद्धा गप्प बसायचं. बोलणाऱ्या मेंदूतून गप्प मेंदू वजा केला की उरते ती भाषा.

मावशींचा नकाशा कोरा आला. मी आधी यंत्राला दोष दिला, मग टेक्निशियनला झापलं, आणि शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. मावशींना विचारलं, "खूण दिसली की काय करत होतात?"

"गप्पच होते की! फक्त जावेला मनातल्या मनात चार शब्द सुनावत होते. नुसतं पडून वेळ कशाला घालवायचा?"

म्हणजे दिवे सगळा वेळ चालूच. वजाबाकीत हाती भोपळा.

मावशींचे यजमान कोपऱ्यात बसले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, बोलणंही जपून, जणू एकेक स्क्रू काढून ठेवतायत. "मॅडम, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. ही गप्प बसत नाही," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "एकदाच बसते. सुईत दोरा ओवताना."

मी खुर्चीतून उठलेच. ठरलं! खूण दिसली की मनात सुई ओवायची. ओवली की दोरा काढून पुन्हा ओवायची. खूण जाईपर्यंत थांबायचं नाही. अंगवळणी पडावं म्हणून तीन आठवडे घरी सराव. काकांनी पुठ्ठ्यावर जाडजूड अधिकची खूण काढली आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचं काम आपल्याकडे घेतलं.

काकांना संशोधनाची फारच गोडी लागली. पुढच्या भेटीत मावशी कडाडल्या, "ताई, ह्यांना काहीतरी सांगा. मी घराला रंग द्यायचा विषय काढला की पुठ्ठा वर! आणि तीस सेकंदांची तीन मिनिटं करतात."

"सराव, मॅडम," काका छताकडे बघत म्हणाले. "सराव."

सराव फळला. दुसऱ्या वेळी नकाशा लख्ख आला. भाषा फिटच्या जागेपासून चांगली बोटभर पुढे होती. सर्जननी तारीख दिली आणि ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनचा फोन आला. "जाग्या आहेत. हात दाबा म्हटलं की दाबतात. पण तोंडातून शब्द नाही. तुमचा नकाशा पुन्हा तपासा."

बोटभर म्हणजे किती? जिना उतरताना मी स्वतःचं बोट बघत होते आणि ते मला भलतंच बारीक वाटत होतं. अकरा वर्षं भाषा शोधत होते, आणि एका बोलक्या बाईची घालवून बसले.

काका पलंगाशी मान खाली घालून बसले होते. "मॅडम, मीच तिला गप्प केलं," ते म्हणाले. "पुठ्ठा दाखवून दाखवून. आता तिनं मला काहीही बोलावं. दिवसभर बोलावं."

मावशी टक्क समोर बघत होत्या. चादरीवर त्यांचा अंगठा आणि बोट हळूच जुळत होतं, सुटत होतं, पुन्हा जुळत होतं. मी त्यांच्या नजरेमागे वळून पाहिलं. समोर औषधांचं कपाट होतं आणि त्याच्या दारावर हातभर मोठी, लालभडक अधिकची खूण.

मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि कपाटाच्या दारावर टाकला.

"किती वेळ तो!" मावशींचा आवाज घोगरा होता, पण चढा. "तीस सेकंद म्हणाला होतात ना, ताई? पहाटेपासून ओवतेय मी!"

मी पलंगाच्या कडेवर बसले. काकांनी खिशातून पुठ्ठा काढला आणि टराटरा फाडला.

"अहो, फाडलात कशाला? चांगला जाड पुठ्ठा होता, कॉलरचा नमुना कापायला आला असता. आणि दाढी का नाही केलीत? काल जेवलात तरी का?"

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"बोल," ते डोळे पुसत म्हणाले. "आज मी मोजत नाही."