खात्रीचा पुदिना

"अवं, इकायला आणलाय का चरायला?" कुशाबाई दर बाजाराला नवऱ्याला एवढंच विचारायची.

गेणबाला उत्तर देता येत नसे. तोंडात पुदिना असायचा. बारामतीच्या आठवडी बाजारात गिऱ्हाईक त्याच्या गोणपाटापुढं थबकलं की तो जुडीतला कोवळा शेंडा खुडायचा, तोंडात टाकायचा अन् डोळे मिटून कचाकचा चावायचा. "आधी मालक खातो, मग गिऱ्हाईक! खात्रीचा माल हाय ताई."

पुदिना वडगावात त्याच्या रानाच्या कडेनं, पाण्याच्या चारीच्या काठाला आपोआप माजलेला. पाणी कॅनॉलचं, खत म्हशीचं. म्हैस दुपारभर त्याच चारीत डुंबायची आणि काय करायचं ते तिथंच करायची. पुदिन्याच्या बुडाशी गोगलगायी चिकटलेल्या असत, त्या तेवढ्या गेणबा झटकून टाकायचा. स्वच्छतेला तो फार जपे.

पावसाळा सरता सरता त्याच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. ताप यायचा, जायचा. अंगावर गांधी उठायच्या. गावात पित्ताच्या गोळ्या झाल्या. मेव्हण्यानं काविळीचा पाला आणून दिला, तोही कच्चाच. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोटाचे फोटो निघाले, रक्त तपासलं.

"काका, तुमच्या लिव्हरमध्ये जंत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चपटा, पानासारखा. हा खरा गुरांचा. पाणथळ जागेतला पाला कच्चा खाता का?"

"दुसरं खातोय काय त्यो?" कुशाबाई म्हणाली. "मी रांधते ते म्हशीला जातंय."

"औषध हाय न्हवं?" गेणबानं विचारलं.

"आहे. पण माणसाची गोळी इथं दुकानात मिळत नाही. बाहेरच्या देशातून मागवलीय. वाट बघावी लागेल."

"कवर?"

बाईंनी फोटो पाकिटात घातले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

गावी आल्यावर गेणबानं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं म्हशीचं शेण तपासून आणलं. म्हशीला तोच जंत. पण म्हशीचं औषध त्याच्या पिशवीतच होतं.

"साहेब, त्यातलंच घोटभर मला द्या की."

"तात्या, हे जनावराचं हाय. तुमाला पाजलं अन् इपरीत झालं तर मी आत जाईन."

"मग मला जनावर म्हणून लिवा."

"कानात बिल्ला कुठाय तुमच्या?"

गेणबानं म्हशीचा जबडा धरला. औषध तिच्या घशाखाली उतरताना तो टक लावून बघत होता. म्हशीनं मान झाडली, उरलेलं घोटभर खाली सांडलं आणि मातीनं पिऊन टाकलं.

"दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला म्हणत्यात," कुशाबाई म्हणाली. "हितं दुखणं दोघांला, अन् औषध एकट्या म्हशीला."

त्याच संध्याकाळी गेणबानं चारीकाठचा सगळा पुदिना उपटून पेटवला. ओला पाला पेटता पेटेना. नुसता धूर, आणि त्यालाही चटणीचा वास.

पुढच्या बाजाराला तो गवार अन् वांगी घेऊन बसला. बरगडीखाली ठणका होताच. गोळीचा पत्ता नव्हता. शेजारी बघतो तर वडगावचाच झुंबर बसलेला! त्याचं रान त्याच चारीवर, गेणबाच्या खालच्या अंगाला. पुढ्यात पुदिन्याचा ढीग, तोंडात शेंडा.

"आधी मालक खातो, मग गिऱ्हाईक!"

गड्यानं वाक्यसुद्धा बदललं नव्हतं.

"झुंबर, थुक आधी!" गेणबा ओरडला. "माझ्या म्हशीचं पानी तुझ्याकडंच उतरतंय. ह्यात जंत हाय. माझ्या लिव्हरात शिरलाय त्यो!"

"तुझा माल संपला म्हणून माझ्या मालाला नावं ठिवतो व्हय?"

तेवढ्यात नेहमीचं गिऱ्हाईक आलं. नातीचं बोट धरलेल्या बाई. गेणबा गवारीवरनं पुढं झेपावला. "ताई, हात जोडतो, ह्यो पुदिना घेऊ नका."

"का हो? मागच्या महिन्यापर्यंत तुम्हीच तर डोळे मिटून खात होता की!"

"म्हणून तर सांगतोय!"

आजूबाजूचे सगळे हसले. बाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. "तात्या, पुदिना नसला तरी तुमची गंमत काही कमी होत नाही हं." त्यांनी झुंबरकडून दोन जुड्या घेतल्या, कोवळा शेंडा खुडला आणि नातीच्या तोंडात घातला.

"कसा आहे गं?"

गेणबाचा हात बरगडीवर गेला. पोरगी कचाकचा चावत होती. तिनं डोळे मिटले होते, थेट गेणबासारखे.