मास्तरांचा रोजा आणि डॉक्टरांचा क्लच

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज दोन चौक पलीकडे ऐकू जायचा. शिकाऊ माणसाने क्लच जरा लवकर सोडला की ते असे कडाडायचे, की फुटपाथवरून चाललेला माणूससुद्धा दचकून उभा राहायचा. शिकलेले लोक परीक्षेत पास मात्र व्हायचे. त्यामुळे ओरडणं हा शिकवण्याचाच भाग आहे अशी मास्तरांची पक्की समजूत.

रमजानच्या तोंडावर मशिदीत नवख्यांसाठी धर्माची तोंडओळख करून देणारा वर्ग ठेवला आणि नेमका इमामसाहेबांचा घसा बसला. ते मास्तरांकडे आले आणि कुजबुजले, "तुम्हाला शिकवायची सवय आहे. घसा सुटेपर्यंत सांभाळून घ्या."

मास्तर मनातून फुलले. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिथे कुणाच्या पायाखाली क्लच नसतो. जरा हळू बोला."

वर्गाला पाच-सहा जण आले, पडद्यापलीकडे काही बायकाही. त्यात दाताचे डॉक्टर होते. मुसलमान घरात जन्मले, पण लहानपणी कुणी काही शिकवलं नाही, मग अभ्यास, मग दवाखाना, असं करत पन्नाशी उलटली. ते मास्तरांकडे गाडीही शिकत होते. म्हणजे दोन्हीकडे नवखेच.

"पहिली गोष्ट शहादा," मास्तर म्हणाले. "अल्लाहशिवाय कुणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, ही मनापासून दिलेली साक्ष. ती दिली की पुढचा रस्ता सुरू. मग नमाज, दिवसातून पाच वेळा. आधी वुजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. मग काब्याच्या दिशेला उभं राहून मनात नियत, म्हणजे संकल्प, करायची. कुठे जायचं ते न ठरवता गाडी काढतो का आपण?"

जकात त्यांनी झटक्यात उरकली. ठरलेल्या मर्यादेवर बचत वर्षभर टिकली, की तिचा चाळिसावा हिस्सा गरिबांचा. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. हज आयुष्यात एकदा, तेही तब्येत आणि ऐपत असेल तर. मग ते रोज्यावर आले आणि रंगात आले.

"पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पण खरी गोम पुढेच आहे. शिवी नाही, भांडण नाही, आवाज चढवणं नाही. कुणी कुरापत काढलीच तर एवढंच म्हणायचं, माझा रोजा आहे."

"आवाजसुद्धा चढवायचा नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

बायकांच्या बाजूने कुणीतरी जोरात खोकलं. तो खोकला मास्तरांच्या चांगला ओळखीचा होता.

पहिल्याच रोज्याच्या दुपारी डॉक्टर गाडीत येऊन बसले. चिमुकल्या दाढेत काम करताना न थरथरणारे त्यांचे हात स्टिअरिंगवर आले की लटपटायचे. सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला, कानशिलं तापली, शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले.

"माझा रोजा आहे," ते म्हणाले.

"माझाही आहे, मास्तर," डॉक्टर आपुलकीने म्हणाले, आणि एकेरी रस्त्यात उलटे घुसले. समोरून दुधाची गाडी आली.

"माझा रोजा आहे," मास्तर दातांवर दात आवळून म्हणाले. डॉक्टरांना तो इशारा वाटला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, आणि मास्तरांचं कपाळ समोर आपटलं.

"लागलं का हो?"

"रोजा आहे."

चार दिवसांत मास्तर अर्धे झाले. शेवटी त्यांनी इमामसाहेबांना गाठलं. "रागाने ओरडलं तर रोजा तुटतो का?"

"तुटत नाही," इमामसाहेब अजून कुजबुजतच होते, "पण सवाब, म्हणजे त्याचं पुण्य, जातो. गाडी आहे तिथेच, टायरमधली हवा गुल."

मास्तर हात हलवत परतले. तोंड बंद, म्हणून वेळ घालवायला ते डॉक्टरांकडे बघत बसू लागले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की क्लच सोडायच्या नेमक्या क्षणी डॉक्टर डोळे मिटतात.

"डोळे का मिटता?"

"सवय लागली," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "या क्षणी तुम्ही ओरडता ना."

मास्तरांनी आवाज अगदी खाली आणला. मग म्हणाले, "आता नाही ओरडणार. उघडे ठेवा." डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवले, आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकली.

रमजान संपायच्या आत डॉक्टर पास झाले. महिना उलटल्यावर ते खजुराचा डबा घेऊन मास्तरांच्या घरी आले. डॉक्टरांच्या बायकोलाही गाडी शिकायची होती. पण ते चुळबुळत होते.

"सोमवारी आणि गुरुवारी नफली रोजे धरतात म्हणे, ऐच्छिक. तुम्ही धरता का?"

"धरावेत म्हणतो," मास्तर सावधपणे म्हणाले.

"मग तिला तेच दोन वार द्या."

मास्तरांचा हात खजुराच्या डब्यावरच थांबला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "डॉक्टर, सोमवार पक्का समजा. पहाटेच्या जेवणाला मी उठवीन त्यांना."