सोनेरी रांगेतली चांदीची डबी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे. आकाराने मोठ्या लिंबाएवढी, रंगाने आता त्याच्या लोणच्यासारखी. विमानप्रवासाबद्दल डबीने बोलावं हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण सोनेरी कार्डवाल्या, वारंवार उडणाऱ्या मोठ्या माणसांना परदेशातल्या कडक पहाऱ्याच्या विमानतळावर काय काय मिळतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे. इतक्या जवळून, की तिथल्या यंत्राच्या पोटातून मी एकदा जाऊन आले आहे.

माझा जन्म हुपरीचा. तिथे घराघरांत पैंजण घडतात, त्यामुळे माझं बालपण छुमछुम ऐकण्यात गेलं. कारागिराने मला ठोकून गोल केलं, बिजागरी बसवली आणि कानाशी धरून दोनतीनदा उघडमीट केली. "आवाज न्हाय. झकास!" तो म्हणाला. शेजारच्या पैंजणांचं कौतुक आवाजासाठी व्हायचं आणि माझं गप्प बसण्यासाठी. गप्प बसून कौतुक मिळवणारे जगात फार थोडे, हे तेव्हाच माझ्या डोक्यात गेलं आणि बरीच वर्षं तिथेच राहिलं.

मला घडवलं ते रत्नव्वाच्या लग्नासाठी. लिंगायत घरात मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग, म्हणजे शिवाचं इवलंसं शिळेचं रूप, बांधतात. ते अंगावरून उतरवायचं नसतं. रत्नव्वाचं लिंग आधी कापडात होतं, लग्नात ते माझ्या पोटी आलं आणि मी दोऱ्याने तिच्या गळ्यात. रोज सकाळी ती मला उघडते, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि पुन्हा मिटते. तेवढा वेळ मी रिकामी असते, पण असते तिच्याच गळ्यात. माणूस गेलं, की लिंग त्याच्या हातात ठेवून त्याच्याबरोबर मातीत देतात. डबी तेवढी घरी परत येते. म्हणून आम्हा डब्यांना गळ्यातून उतरण्याची फार धास्ती असते.

रत्नव्वाच्या सासरी, कुरुंदवाडला, पुराचं पाणी घरात आलं तेव्हा रत्नव्वाने भांडी सोडली, धान्य सोडलं, नवऱ्याचा रेडिओ सोडला. माझ्यावर हात ठेवून ती नावेत बसली. तो माझ्या आयुष्यातला मोठा सन्मान. पुढे ती कोल्हापूरला, मुलाकडे आली आणि मी काळी पडत गेले. सून सुष्मिता प्रेमाने म्हणायची, "आत्ती, नवी घिऊया की. सोन्याचं पाणी दिलेली मिळती."

"पाणी दिलेलं टिकत न्हाय गं," रत्नव्वा म्हणायची आणि मला पदराखाली सारायची. पदराखाली राहण्याला तुम्ही दुर्लक्ष म्हणाल. मी त्याला वरचा वर्ग म्हणत असे. देव पोटात आहे म्हटल्यावर डबीला थोडी मिजास येतेच.

मुलाचं नाव शिवकुमार. उद्यमनगरात त्याचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना. माल देशोदेशी जातो, त्यामागे शिवकुमार जातो आणि शिवकुमारच्या खिशात जातं ते सोनेरी कार्ड. विमान कंपनीने ते त्याला फार उडाल्याबद्दल दिलं होतं. आतल्या खिशात, तेही माझ्यासारखंच छातीशी राहायचं.

शिवकुमारची बहीण शांभवी परदेशात बाळंत झाली आणि आजीने नात बघायला जायचं ठरलं. "अव्वा, तू काळजीच करू नकोस," शिवकुमार म्हणाला. "कार्ड हाय. रांग न्हाय, धक्काबुक्की न्हाय. बसायला कोच, प्यायला सूप."

"घरी सूप कवा पितोस?" रत्नव्वाने विचारलं.

कोल्हापूरच्या विमानतळावर तपासणीच्या बाईने हातातलं यंत्र माझ्यापाशी आणलं, ते वाजलं, तिने पदराआड पाहिलं आणि मला नमस्कार केला. मला वाटलं, जगातले सगळे विमानतळ असेच असणार.

वाटेत एका देशात विमान बदलायचं होतं. त्या देशाचं नाव सांगत नाही. त्यांना असं नाव घेतलेलं आवडणार नाही आणि त्यांना कळेल याची मला खात्री आहे. तिथे पुढच्या विमानाआधी सगळ्यांची नव्याने तपासणी होती. एकीकडे सामान्य माणसांची नागमोडी रांग आणि एकीकडे सोनेरी कार्डवाल्यांची छोटीशी. खाली गालिचा, बाजूला फुलदाणी. शिवकुमार आईला घेऊन ऐटीत शिरला. मित्रांनो, या रांगेचं रहस्य सांगते. रांग छोटी असते, प्रश्न मात्र तेवढेच असतात. मागे माणसं कमी असल्याने प्रश्न विचारणाऱ्याला तुमच्यासाठी भरपूर वेळ असतो.

तिथे एक अधिकारी बाई उभ्या होत्या. तरुणपणी भारतात पुष्कळ भटकलेल्या, त्यामुळे मोडकं हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "माताजी, बॅग आपने खुद भरी?"

"येस, येस," शिवकुमार घाईने म्हणाला.

"खोटं कशाला बोलतोस?" रत्नव्वा म्हणाली आणि बाईंकडे वळून तिने कोल्हापुरी हिंदीत खुलासा केला, "बहूने भरी. मैं खाली बैठके सांगती थी."

बाईंची भुवई वर गेली. "किसीने कुछ दिया साथ में?"

शिवकुमारने डोळे मिटून घेतले.

"दिया की! चिमणाबाईने मेतकूट दिया. आकाराम की औरत ने चटणी. शालूबाईने टोपडा दिया, बाळ के वास्ते." आणि मुलाकडे पाहून मराठीत, "परदेशात जायचं म्हटल्यावर गल्ली गप बसती व्हय? न्हाय कुणाला म्हणायचं?"

आपल्याकडे प्रवाशाच्या हाती काही दिलं नाही तर माणुसकी बुडाली असं समजतात. तिकडे दिलं तर विमान बुडेल असं समजतात. बॅग उघडली गेली. मेतकुटाला स्फोटकं ओळखणारी कागदी पट्टी लावून ती यंत्रात घातली, चटणीचा वास घेणारा तरुण बराच वेळ शिंकत राहिला आणि टोपड्याची शिवण दोघांनी मिळून तपासली. सगळं निर्दोष निघालं. मग रत्नव्वा धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेली आणि चौकट किंचाळली.

आयुष्यभर गप्प बसलेली मी, नेमकी तिथे वाजले.

"निकालिए," बाई म्हणाल्या आणि ट्रे पुढे केला.

"अव्वा, काढ की. दोन मिनिटांचं काम हाय," शिवकुमार कुजबुजला.

"दोन मिनटं श्वास बंद कर बघू तू."

"अगं, विमान जाईल!"

"जाऊ दे."

शिवकुमारने शेवटी आपलं अस्त्र काढलं. सोनेरी कार्ड. बाईंनी ते हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि अदबीने ट्रेमध्ये ठेवलं. "हे पण यंत्रातून जाईल," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

रत्नव्वाने बाजूची खुर्ची पाहिली आणि ती बसली. माझ्यावर दोन्ही हात ठेवले. पुरात एकच ठेवला होता.  "तू जा," ती म्हणाली. "बाळाला सांग, आज्जी वाटेत बसलीया. मला परतीच्या विमानात बसवतील ह्ये लोक. नात फोनवर बघीन." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं, कारण नात फोनवर बघायची नाही म्हणून तर ती एवढ्या लांब निघाली होती.

पुढच्या दारावर आमच्या विमानाचं नाव लुकलुकायला लागलं होतं. बाई शिवकुमारला म्हणाल्या, "हे आहे तरी काय? मला समजावून सांगा."

परक्या देशांत बसून सुट्या भागांवर तासतासभर बोलणारा शिवकुमार. हे मात्र त्याने कधी कुणाला समजावलं नव्हतं. तो आईशेजारी गुडघ्यावर बसला, कार्डाकडे बघायचंही विसरला आणि इंग्रजीत हळूच म्हणाला, "हे तिच्या जन्मापासून अंगावर आहे. ती जाईल तेव्हा आम्ही हे तिच्या हातात ठेवू आणि तिच्याबरोबर मातीत देऊ. तोवर हे तिच्यापासून दूर करायचं नसतं. माझं चुकलं. मी तिला काढ म्हणालो."

 बाईंनी रत्नव्वासमोर वाकून आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "आत जे आहे, ते धातूचं आहे का?"

"न्हाय, न्हाय. अंदर शिळा हय. वाजती ती ही डबी."

"मग फक्त डबी दिली तर चालेल? आतलं तुमच्या हातात राहू दे. मी हात लावणार नाही."

रत्नव्वाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "डब्बी का क्या! लेव की!"

मित्रांनो, डबीचं काय! इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकायला किती गोड वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

तिने मला उघडलं आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. दोऱ्याची गाठ वर्षानुवर्षांची, ती काही सुटेना. शिवकुमारने आईच्या मानेशी वाकून ती दातांनी सोडवली. मी रिकामी, ट्रेमध्ये, सोनेरी कार्डाच्या शेजारी. आम्ही दोघं अंधारात शिरलो. वरचा वर्ग, खालचा वर्ग, यंत्राला काही ठाऊक नव्हतं. त्याला आम्हा दोघांत रिकामी जागाच दिसली असणार. मला वाटलं, संपलं. डबी तेवढी घरी परत येते.

बाहेर उजेडात आले तेव्हा रत्नव्वा चौकटीतून चालत येत होती, एका तळहातावर लिंग आणि त्यावर दुसऱ्या तळहाताचं छत. चौकट गप्प. बाईंनी वरच्या हाताच्या मागच्या बाजूला ती पट्टी लावली, तळहातावर नुसतं डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. मागे सोनेरी कार्डवाले खोळंबले होते. त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं, मग रत्नव्वाचे हात पाहिले आणि पुन्हा घड्याळ पाहिलं नाही.

शिवकुमारने ट्रेमधून आधी मला उचललं. रत्नव्वाने लिंग माझ्यात ठेवलं, मी मिटले. आता दोरा बांधायचा होता. त्याने एक गाठ मारली, ती सुटली. दुसरी मारली, तीही सुटली.

"खोकं बांधतोस व्हय? उलटा वेढा घे. आता खालनं. हां. वड."

"घट्ट झाली का, अव्वा?"

"झाली. पळ आता!"

सूप राहिलं. कोच राहिला. विमान मिळालं.

तेव्हापासून ती गाठ जराशी डावीकडे आहे. शांभवी म्हणाली, "अव्वा, थांब, नीट बांधून देते." रत्नव्वा म्हणाली, "हात लावू नकोस. माझ्या लेकानं बांधलीया."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या गळ्यात, मनगटावर, कमरेला काहीतरी जुनं, काळं पडलेलं असेल. त्यांना ते काढायला सांगण्याआधी, ते काय आहे हे विचारा. ते बांधतात कसं हेही, शिकवणारी माणसं आहेत तोवर, शिकून घ्या. त्याला कुठलं कार्ड लागत नाही. आणि आम्हा डब्यांना कधीमधी पुसलंत, तर आम्ही नको म्हणणार नाही.

सध्या माझा दोरा शांभवीच्या बाळाच्या मुठीत आहे. रत्नव्वा मांडी हलवत नाही आणि बाळ मला सोडत नाही. मलाही कुठे जायची घाई नाही.